ढोलीवरचा फ्लेक्स

५ एप्रिल, शनिवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर चांगलं ठेवतोय.
खराडीच्या कंपनीतून व्हीआरएस घेऊन तीन महिने झाले. एकवीस वर्षं क्वालिटी ऑडिटर होतो. आता समाजाला काही द्यायचं. गावठाणातल्या शाळेत दर शनिवारी सातवीला 'पर्यावरण आणि वन्यजीव' शिकवणार, तेही फुकट. मुख्याध्यापिका परवीन शेख बाई म्हणाल्या, या की, शनिवारचा शेवटचा तास तसाही वायाच जातो. उत्साह आवडला.
शाळा दीड किलोमीटर. चालतच जायचं ठरवलं होतं. पण घामाघूम माणसाकडून मुलं ग्लोबल वॉर्मिंग काय शिकणार? कार काढली. एसी एकवरच ठेवला.
पहिला विषय ध्रुवीय अस्वल. चव्वेचाळीस स्लाइड्स. मैना नावाच्या मुलीने विचारलं, सर, आपल्याकडचं काही नाही का? म्हटलं, आधी बेसिक पक्कं करू. घरी बायकोला, नीरजाला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे, उद्या स्वारगेटला अस्वल उतरलं तर पोरांची तयारी पाहिजे. तिला पटलेलं दिसतंय.

१२ एप्रिल, शनिवार
घरातली रिकामी प्लॅस्टिकची बाटली आणा, पक्ष्यांना पाणी ठेवू, असा गृहपाठ दिला होता. बत्तीस मुलं, बत्तीस बाटल्या. शंभर टक्के रिझल्ट! सगळ्या मात्र कोऱ्या करकरीत. घरात रिकामी बाटली सापडेना, म्हणून पोरांनी काल कोल्ड्रिंक विकत घेऊन संपवलं. तिघांची पोटं बिघडली. त्यांनी बाटल्या भावंडांबरोबर पाठवल्या. याला म्हणतात निष्ठा.
आजचा धडा धनेश पक्षी. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. एक बारीक फट तेवढी ठेवते. दोन-अडीच महिने नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. नर अडला तर आतले सगळे उपाशी.
मैना म्हणाली, सर, आपल्या मैदानातल्या शिरीषाच्या झाडावर हाय की. प्रेमाने समजावलं, बाळ, हा दक्षिणेतल्या घनदाट जंगलातला पक्षी, ही बघ पिवळी चोच. ती म्हणे, आपला करडा हाय, घारीएवढा, काल चार वेळा उंबर घेऊन आला. मुलांची कल्पनाशक्ती मारू नये. म्हटलं, वहीत रोज मोजून लिही, डेटाशिवाय बोलायचं नाही. आता महिनाभर तरी शांतता.

१४ एप्रिल
बावीसला वसुंधरा दिन. शाळेत माझाच कार्यक्रम! माजी नगरसेवक प्रमुख पाहुणे. फ्लेक्स छापायला टाकला, दहा बाय सहा. 'प्लॅस्टिक हटवा, पृथ्वी वाचवा.' माझा फोटो मोठा, पाहुण्यांचा मध्यम, पृथ्वी कोपऱ्यात. फ्लेक्सवाला म्हणाला, साहेब, पृथ्वी काढू का, तुमचं नाव मोठं बसेल. राहू दे म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.
नीरजाने विचारलं, अहो, फ्लेक्स कशाचा असतो? म्हटलं, एकदम चांगल्या क्वालिटीचा.

१६ एप्रिल, बुधवार, सायं. ५.३०
फ्लेक्स लागला. शिपाई सोनबा गेटवर लावू म्हणत होता. गेटसमोर टेम्पो उभे राहतात, रस्त्यावरून काय दिसणार, कप्पाळ! शिरीषच बरोबर. सोनबा शिडीवरून ओरडला, साहेब, इथं ढोली हाय, लिंपल्यावाणी दिसती. म्हटलं, लिंपलेली असेल तर चांगलंच, फ्लेक्स फुगणार नाही. चारच खिळे मारले. झाडाला इजा नको. बाकी तार.

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळी सात. एक करडा पक्षी चोचीत उंबर घेऊन फ्लेक्सवर येतो, फडफडतो, परत फिरतो, पुन्हा येतो. नेमका माझ्या कपाळापाशी. अंगावर काटा आला. आपलं कोण हे मुक्या जिवाला कळतं. व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे.
मैना धापा टाकत आली. सर, फ्लेक्स काढा, मादी आत हाय. म्हटलं, बावीसला कार्यक्रम झाला की लगेच काढू, पाच दिवसांचा तर प्रश्न. ती म्हणाली, पाच दिवस तिला खायला कोण देणार? मुलांना धीर म्हणून नाही. शनिवारी 'संयम' हा विषय घेतो.

१८ एप्रिल, शुक्रवार
सुट्टी. फ्लेक्स पाहायला गेलो. झाडाखाली सातवीची आठ-दहा पोरं. सुट्टीतही शाळेची ओढ! कुणी माझ्याशी बोललं नाही. पक्षी एकदाच आला.
घरी येऊन सहज 'राखी धनेश' शोधलं. पुण्यात सर्रास आढळतो म्हणे. इंटरनेटवर लोक काय वाटेल ते लिहितात.
दुपारी जेवण गेलं नाही. उन्हाने असेल.

१९ एप्रिल, शनिवार
संयम शिकवला. सगळ्यांचे डोळे खिडकीबाहेर. मैना म्हणाली, आज तो एकदाही आला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सोमवारी फ्लेक्स दोन फूट खाली घेऊ असं ठरवलं. आज घेतला असता, पण सोनबा रजेवर. शिवाय पाहुण्यांच्या माणसाचा फोन, उद्या साहेब येता-जाता फ्लेक्स बघतील. रविवार जाऊ दे.

२१ एप्रिल, सोमवार
फ्लेक्स उतरवलेला! तार कापलेली. फ्लेक्सची घडी ऑफिसच्या दारात, वर चार खिळे. तोंडघशी पाडलं मला! शेख बाईंना म्हटलं, पोलिसांत जातो. बाई म्हणाल्या, अवश्य जा, झाडाला खिळे कुणी ठोकले तेही त्यांना सांगा. पोलिसांवर आधीच कामाचा ताण असतो.
वर्गात विचारलं, कुणी केलं? सगळी सातवी उभी राहिली. का केलं? मैना म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलं ना, नर अडला तर आतले सगळे उपाशी.
स्लाइड तेवीस. माझीच.

२२ एप्रिल, मंगळवार
पाहुणे दीड तास उशिरा. शाल, श्रीफळ. माझ्या भाषणाआधी शेख बाईंनी मैनाची वही वाचली. सोळा, संध्याकाळी फ्लेक्स लावला. सतरा, नर एकोणीस वेळा आला, एकोणीस वेळा परत गेला. सरांना सांगितलं. अठरा, एक वेळा. एकोणीस, शून्य. वीस, शून्य. एकवीस, फ्लेक्स काढला, शून्य. आज, शून्य.
टाळ्या वाजल्या नाहीत. माझं भाषण वेळेअभावी रद्द झालं.
वनखात्याचा माणूस येऊन गेला. ढोली फोडू नका म्हणाला, लांबून लक्ष ठेवा, नर परत येतो का बघा.
लाज वाटली. इथेच लिहितोय, दुसरीकडे बोलणार नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
अजून शून्य. पोरांना वाटतंय ती आत मेली. शाळेला सुट्टी लागली, म्हणून झाडाखाली बसायच्या पाळ्या लावल्यात. मीही पाळी मागितली. मैनाने बराच वेळ विचार केला आणि दुपारी एक ते तीन दिली. ती कुणालाच नको होती.

२६ एप्रिल, शनिवार
चालत गेलो. एवढं ऊन की डोकं भणभणलं. सोनबा व्हरांड्यात आडवा झालेला. बाकी चिटपाखरू नाही.
एक चाळीसला नर आला. शेजारच्या फांदीवर बराच वेळ बसला. मग ढोलीपाशी गेला, मान पुढे केली. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि उंबर आत गेलं. जिवंत आहे ती! मी ओरडलो. सोनबा उठेपर्यंत नर उडाला होता. मोबाइल खिशातच राहिला, काढायचं सुचलंच नाही.
पोरांच्या वहीत लिहिलं : १.४०, नर आला, चोच दिसली.

२७ एप्रिल, रविवार
आज पाळी नसताना गेलो. वाटलं, पोरं नाचत असतील. सगळी गप्प बसली होती. वहीत माझ्या नोंदीपुढे मैनाने लाल पेनने लिहिलंय : सर पाहिलं म्हणतात. सोबत कुणी नव्हतं. धरलं नाही.
कालच्या तारखेपुढे शून्य आहे.
नीरजाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, असेल.
पण चोच दिसली. खरंच दिसली.