मैलाच्या दगडापाशी

४ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टुडिओत सगळ्यांना वाचून दाखवलं. उंच पाय, आखूड शेपूट, कानांच्या टोकांना केसांचे झुपके आणि कुत्र्याएवढं रानमांजर! ताई, चष्म्याचा नंबर तपासून घे. शेजारचा बोका माजला असेल.

रागावू नकोस. मी पडलो फोटोवाला, कागदावर उमटेल तेवढंच खरं मानतो. जुना कॅमेरा पाठवतोय. मात्र नुसतं मांजर टिपलंस तर आकार कळणार नाही, शेजारी ओळखीच्या उंचीची वस्तू हवी. तुझ्या खुराड्यामागच्या सडकेवर मैलाचा दगड आहे ना? तो चालेल.

माया आहे तशीच ठेव, थट्टेचा राग तेवढा सोड.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझा चष्मा ठीक आहे, तू आपली जीभ तपासून घे. इथे किराणावालासुद्धा मला मांजरीची मावशी म्हणतो. म्हणून मीही हट्टाला पेटलेय. कोंबड्या कापल्यावर उरलेली आतडी-बितडी पूर्वी लांब ओढ्याकाठी टाकायचे, आता त्या दगडाच्या पायथ्याशी टाकते. सुरुवातीला ती झुडपांतूनच बघायची. पान हललं तरी पसार! आता दबकत का होईना, येते.

काल खिडकीतून कॅमेरा धरला, पण बघतच राहिले आणि बटण दाबायचं राहून गेलं. किती देखणी आहे रे!

जेवणाची हेळसांड करू नकोस. बहिणीची आठवण ठेव.

तुझी,
ताई


६ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला रोल धुतला. ताई, मी तुझ्यापुढे नाक घासतो! तिची पाठ दगडाच्या निम्म्याहून वर आहे, आणि कानांचे झुपके कसे स्वच्छ आलेत. फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावलाय. लोक थांबून बघतात, आणि मी छाती फुगवून सांगतो, ही माझ्या ताईने टिपली.

आता एक समोरून हवा. तिची सवय मोडू देऊ नकोस, खाणं टाकत राहा.

मूर्ख भावाला पदरात घे.

तुझा,
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोटो निघाल्यावर मी खाणं टाकणं थांबवलं होतं. तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा सुरू केलं. मलाही हुरूप आला होता, तुला एकट्याला काय बोलू?

परवा विटांच्या गाडीने तिला उडवलं. गाडीवाला स्वतः दारात येऊन रडला. म्हणाला, हॉर्न दिला, पण ती मान खाली घालून खातच राहिली. तिला इतकं निर्धास्त मी केलं, धाकट्या. फार चुकलं आपलं.

उचलताना दिसलं, तिला दूध होतं. तेव्हापासून ओढ्याकाठची झुडपं धुंडाळतेय. गावातली माणसंही सोबत येतात, आता कुणी हसत नाही. खोटारडी म्हणून हसत होते तेच बरं होतं.

स्टुडिओ बंद कर आणि निघून ये. मला हल्ली कमी ऐकू येतं, पिल्लांचा आवाज फार बारीक असतो.

बोल लावत नाही, वाट बघते.

तुझी,
ताई