जाळायला दिलेली इस्टेट

मी व्हर्ना ट्रिफेट, वय एक्याऐंशी, अ‍ॅथॉल ट्रिफेटची विधवा, राहणार ग्रेट लेकच्या काठी, टास्मानिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेले काही दिवस ते दुखत होते, त्याचे कारण पुढे येईलच.

१. घर व जमीन माझा एकुलता एक मुलगा रॉयस याला. दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये.

२. लोखंडी शेगडीही त्यालाच, तिचा हवेचा दांडा सोडून. तो मी पकडीने उपटला असून हवेची वाट आता कायमची उघडी आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात, जूनमधल्या वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी लाकडाची रास पाहतात. निम्मी उरली असेल तर हिवाळा निघतो. यंदा ती बरीच खाली गेली होती. म्हणून रॉयसने ओली लाकडे तोडून आणली आणि रोज संध्याकाळी हवा बंद करू लागला. तसे केले की ओंडका रात्रभर धुमसतो आणि सकाळी निखारा सापडतो. इथल्या पुरुषांना त्या निखाऱ्याची भारी ऐट. अ‍ॅथॉललाही होती. एका सकाळी तो शेगडीपुढच्या खुर्चीत गार पडलेला सापडला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. मला ते कधीच पटले नाही; हवा कोंडलेली शेगडी रात्रभर खोलीत विषारी वायू सोडते.

गेल्या रविवारी रॉयस हाका मारून उठेना. तो शेगडीजवळ झोपतो. माझी खोली मागे, म्हणून माझे डोकेदुखीवर निभावले. या वयात मी त्याला काखेत धरून दाराबाहेर ओढले. तो बर्फात ओकला आणि वर हसला.

"काल बिअर जरा जास्त झाली गं, आई."

"एका बाटलीने?"

"मग तुझा वॉलबीचा रस्सा बाधला असेल."

दांडा जागेवर दिसेना तेव्हा मात्र त्याचे हसू गेले. "अगं म्हातारे, असं भडाभडा जळलं तर पुढच्या महिन्यात काय जाळू? तुला?"

प्रश्न रास्त आहे. लाकूड संपले की तो पुन्हा हवा कोंडेल, याची मला फार भीती वाटते, म्हणून ही घाई.

३. शेजारी लेस्टर पायबस याला काही नाही. "माझा निखारा परवापासून जिवंत आहे," असे सांगून यानेच आधी माझ्या नवऱ्याला आणि मग मुलाला चेव आणला. तो साक्षीदार म्हणून समोर बसून हे वाचतो आहे. वाचू दे. आमच्या धुराड्यात धुराचे डांबर साचले आहे, ते त्याने स्वतः घासून काढावे. तेवढ्यावर मी राग सोडीन.

४. घरातले सामान रॉयसने विकू नये, जपूही नये. जाळावे. आधी जेवणाचे टेबल, मग अ‍ॅथॉलची खुर्ची, मग पियानो. रंग दिलेली दारे नकोत, त्यांचा धूर वाईट. माझ्या मरणापर्यंत थांबण्याची गरज नाही. कायद्यात बसत नसेल तर वकिलाने इथे येऊन एक रात्र काढावी.

५. मागच्या शेडमध्ये माझी शवपेटी आहे. अ‍ॅथॉलने आम्हा दोघांसाठी ब्लॅकवुडच्या केल्या होत्या. त्याची त्याच्याबरोबर गेली, माझी तेव्हापासून वाळते आहे. एवढे कोरडे लाकूड आज या पठारावर कोणाकडे नसेल. मला चादरीत गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. रॉयस, ती पेटी फोड आणि हवा उघडी ठेवून जाळ. निखारा विझला तर विझू दे. सकाळी तू उठायला हवास.

वरील सर्व वाचून, समजून, कोणाचे न ऐकता सही केली.

व्हर्ना ट्रिफेट

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष:
लेस्टर पायबस, शेजारी
डल्सी नेटलफोल्ड, पोस्टमास्तरीण

स्थळ: ग्रेट लेक
दिनांक: ७ जुलै १९८८