चाळिसाव्याचा कागद

१६ ऑक्टोबर १९८९
मिळालं एकदाचं घर! चौथा मजला, खिडकीत डॅन्यूब. शाळेतून निवृत्त झालो, मग बायको, सोफिका, गेली. त्यानंतर आज प्रथमच कविता ओठांवर आली. नदीची, पोरं वर्गात डोलत म्हणायची ती.

घर राद्को पेनेव्हचं. तो नुकताच वारला. घरवाटप कचेरीतल्या कॉम्रेड गेर्गोव्हने मी दिलेलं कॉफीचं पाकीट खणात सारत समजावलं, की मास्तर, नव्या अर्जावर घर तुमच्या थडग्यालाच मिळेल. त्यापेक्षा पेनेव्हला कागदावर जगू द्या, तुम्ही घरात जगा. माझं ओळखपत्र ठेवून घेतलं, फोटो पेनेव्हच्या फायलीत चिकटवला. महिन्याभरात सगळं सरळ करतो म्हणाला.

२५ ऑक्टोबर
खालच्या दारावर रिवाजाप्रमाणे पेनेव्हच्या मृत्यूचा कागद आहे, बिनफोटोचा. तळमजल्यावरची त्सोंका मावशी मला पेनेव्ह म्हणूनच हाक मारते. मी मिन्चो, असं सांगितलं, तर म्हणे पाटीवर तसं नाही, आणि मेलेल्याच्या पलंगावर झोपणाऱ्याने नावाचे नखरे करू नयेत. हसली, वाडगाभर मिरच्यांचं लोणचं दिलं. चांगली आहे बाई.

११ नोव्हेंबर
काल देशाचे पुढारी पायउतार झाले. गेर्गोव्ह म्हणाला, आता कॉम्रेड म्हणू नका. साहेब एवढ्यात नको. ओळखपत्र? पुढच्या आठवड्यात. राज्य बदललं, पुढचा आठवडा तोच.

१५ नोव्हेंबर
पेनेव्हच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस. दारावर नवा कागद. नाव त्याचं, फोटो माझा.
मावशीने कचेरीत फोटो मागितला होता, त्यांनी फायलीतला दिला. फाड म्हटलं, तर तिने कानांवर हात ठेवले. मेलेल्याचा कागद वारापावसाने फाटावा, माणसाने नाही. चूक कचेरीची, तर कचेरीत जा म्हणाली.

२२ नोव्हेंबर
गेर्गोव्ह कचेरी सोडून गेला. हॉटेल विकत घेतोय म्हणे. कचेरीच्या अंगणात फायली जळत होत्या. नव्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, मयतांची कामं गुरुवारी.
भांडायचं त्राण नव्हतं. परत आलो.

२ डिसेंबर
पावाच्या रांगेत माझा नंबर आला. बाईने माझ्या मागच्याला पाव दिला. मी बोललो — मोठ्याने बोललो —
मावशी दाराशी उकडलेले गोड गहू ठेवते. मेलेल्यांच्या नावाने वाटतात ते. मी खातो. हाक मारली तर छातीवर क्रूसाची खूण करून दार लावून घेते.

९ डिसेंबर
शेगडी विझलेली. थंडी वाजत नाही.
नदीची कविता — पहिली ओळ — पोरं डोलताना दिसतात, तोंडं हलतात, शब्द —

डिसेंबर
कागद फाडायला उतरलो. नखाखाली कागद येतच नाही. फोटोतला मी हल्ली जरा हसतो —
मावशी जवळून गेली. तिच्या बाहीचा वारासुद्धा लागला नाही.
लिहून ठेवायला हवं, विसरण्याआधी. हजेरीला पोरं उभी राहायची, पूर्ण नाव सांगायची. तसंच. सावकाश.
हजर. माझं नाव राद्—