फुग्यातलं बोलणं

३ फेब्रुवारी १९५५
रद्दीच्या गाठोड्यात घबाड! पुण्याची रद्दी आमी कागदी लोक हौदात भिजवतो, पायानं तुडवतो, नवा कागद काढतो. त्यात आज हे — पाटीएवढं मोठं, जाड पुठ्ठा, पानापानावर रंगीत चौकटी. एक बाई विमान चालवती, टकला चोर पुढं पळतो. बोलायचं झालं की तोंडातनं फुगा निघतो, फुग्यात अक्षरं. एक अक्षर कळंना, गोष्ट पुरी कळली!

४ फेब्रुवारी
अब्बा म्हणले, "नवाब, पुस्तक असंल तर ठेव. नसंल तर सोमवारी हौदात. मास्तरला इचार."
भगवंत मास्तर! मला चौथीत दोनदा बसवलं ते हेच. चष्मा लावून लई येळ बघत बसले. उलटं धरून!
"फ्रान्सचं दिसतंय. पण पुस्तक न्हवं हे. पुस्तकात अधनंमधनं चित्र असतं. इथं समदी चित्रंच."
"मग चित्र म्हणा की, गुरुजी."
"चित्र भिंतीवर टांगत्यात. हे कसं टांगशील?"
लई शहाणे! पुस्तक न्हाई, चित्र न्हाई, मग काय — दुधी भोपळा?

५ फेब्रुवारी
धाकटी बहीण साबेरा शाळेची पायरी चढली न्हाई. तिनं दोनदा वाचलं! टकला घावला तिथं टाळ्या पिटल्या.
अब्बांचं एकच — "मास्तर न्हाई म्हणले ना?" मास्तर म्हंजे काय हायकोर्ट!

६ फेब्रुवारी
डोकं चाललं! रद्दीत अल्लाचं नाव घावलं की अब्बा तो कागद पायाखाली घेत न्हाईत, काढून फळीवर ठेवतात. मग काय! शेवटच्या पानावरचा बाईचा फुगा चुन्यानं पांढरा केला, बोरूनं उर्दूत झोकात लिवलं — "या अल्ला!" बाईला शोभलं बी. आता तुडवा म्हणावं!

७ फेब्रुवारी
अब्बांनी पानं चाळली. फुग्यापाशी थांबले. पुस्तक कपाळाला लावलं अन् फळीवर!
मी आत जाऊन पोट धरून हसलो. मास्तर गेले उडत!

११ फेब्रुवारी
जुम्म्याची नमाज करून आले अब्बा. फळीवरचे समदे कागद पांढऱ्या फडक्यात बांधले. पुस्तक बी. कबरस्तानात न्यायला — अल्लाचं नाव असलेला कागद तिथंच अदबीनं पुरत्यात.
दारात आडवा झालो. "अब्बा, ते मीच लिवलंय! खोटं हाय!"
"अक्षर तुजं हाय. तवाच वळखलं," अब्बा म्हणले. "नाव कुणाचं हाय?"