न सापडलेल्या हंड्याची तकलीफ

शिरड शहापूर,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६१

तीर्थरूप मामा,

भाचा व्यंकट आपल्या पायांवर डोकं ठेवतो. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला उतरला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण पोलीस पाटलांचा माणूस ओट्यावर बसून माझ्याकडे बघून राहिला आहे, त्यामुळे तो शब्द हातून उतरेना.

झालं असं की, हैदराबादेकडून बाबूसिंग नावाचा गृहस्थ आला. जवळ एक पितळी पेटी, तिला दोन तारा आणि पुढं हातभर डुलणारी कांडी. दोन कोसांवरचं पुरलेलं सोनं ही कांडी दाखवते, असं त्याचं म्हणणं. मी तोंडावर सांगितलं, हे थोतांड आहे. पण तुमची बहीण (म्हणजे माझी आई, तिच्यापुढं कुणाचं चालत नाही हे तुम्ही लहानपणापासून जाणता) म्हणाली, सासऱ्यांच्या आज्यानं पेंढाऱ्यांच्या भीतीनं हंडा पुरला होता, तो याचीच वाट बघून राहिला.

मी परीक्षा घेतली. बायकोची पुतळ्यांची माळ ज्वारीच्या कणगीत लपवली. कांडी कणगीला घासून शेजारच्या रहमतबीच्या खुराड्याकडे वळली. तिथं कोंबडी अंड्यांवर बसली होती. बाबूसिंग डगमगला नाही. यंत्र लांब पल्ल्याचं आहे, जवळचं सोनं त्याला दिसत नाही, असं त्यानं समजावलं. आईला ते लगेच पटलं (तिलाही सुईत दोरा ओवता येत नाही, पण वेशीतून येणारा पाहुणा बराबर ओळखू येतो). मग वेशीबाहेर उभं राहून त्यानं यंत्र धरलं, तर कांडी आमच्या गोठ्याच्या रोखानं थरथरली. (त्याच रोखानं निम्मं गावही आहे.) आईनं जेवण सोडलं, म्हणून मी खणलं. निघाला एक गंजका फाळ, आणि गोठ्याची मागची भिंत आत बसली. धातू तर निघाला, असं म्हणून बाबूसिंग आईनं बांधून दिलेल्या दशम्या घेऊन पुढच्या गावी गेला.

खरी तकलीफ तिथून सुरू झाली. बैल पडू नये म्हणून मी खड्डा बुजवला, तोच पोलीस पाटील ग्यानबा आले. पुरलेलं धन सरकारचं असतं, हे त्यांनी आधी ऐकवलं. काही सापडलं नाही म्हटल्यावर शांतपणे म्हणाले, "सापडलं न्हाई, तर खड्डा काहून बुजवला? ज्याला सापडत न्हाई, तो खणतच राहतो."

मी फाळ दाखवला, तर म्हणाले, लोकांना दाखवायला बरा आहे. बायको जुनंच लुगडं धुऊन नेसली तरी पाणवठ्यावर बाया गप्प होतात. रहमतबी तेवढी आमच्या बाजूनं बोलते, पण आता तिच्या खुराड्यावरही लोकांची नजर आहे. सोमवारी तहसीलदारांपुढं माझा जबाब आहे. हंडा हजर कर म्हणाले, तर नसलेला हंडा आणू कुठून? आईजवळ बोललो, तर म्हणाली, "लेकरा, हंडा मिळाला असता तर ह्या तकलिफीचं काही वाटलं नसतं."

मामींना नमस्कार.

आपला,
व्यंकट

ता. क. तहसिलीतले पेशकार तुमच्या ओळखीचे आहेत. सोमवारी माझ्याबरोबर चला. गुडघ्यांसाठी गाडीत कडबा जास्त घालून पाठवतो.

आणखी एक. जाताना बाबूसिंगाची कांडी तुमच्या कळमनुरीच्या दिशेला, बराबर परसातल्या चिंचेच्या रोखानं थरथरत होती, असं आई सांगते. (दोन कोसांचं यंत्र इतक्या लांब कसं पोचलं, हे मी विचारलं नाही.) माझा विश्वास नाही, हे वर लिहिलंच आहे. तरी मी येईपर्यंत तिथं कुणाला कुदळ लावू देऊ नका.