‘इन’च्या पुढे आयएनजी

चोपडा,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. भूपेंद्रभाऊस,
मेघाचा सा. नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तूही असशीलच. धुळ्यात रिक्षांच्या पाठीवर तुझ्या इंग्लिश क्लासच्या जाहिरातीतला टायवाला फोटो अजून हसतोय, असं ऐकते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. चुका सापडल्या तर लाल पेन चालव. तेवढंच तुला येतं.

आबांचा खोकला कमी आहे. मका काढून झाला.

त्या रविवारी दीपक आबांना भेटायला आला होता, तुला नाही. तू त्याला क्लासातल्या पोरासारखं समोर बसवलंस आणि म्हणालास, कशासाठी आलात ते इंग्लिशमध्ये सांगा. तो केळीच्या रोपांची नर्सरी चालवतो, भाऊ. मुलाखतीला आला नव्हता. तरी बिचारा म्हणाला, "आय ॲम इंटरेस्टेड इन मॅरी युवर सिस्टर."

तू हसलास. मग चहा निवेपर्यंत शिकवत बसलास. इन, ॲट, फॉर, विदाऊट, यांच्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लावायचा. मॅरी नाही, मॅरीइंग. व्याकरण तुझं बरोबर होतं. घरी आलेल्या माणसाशी कसं बोलावं, एवढंच शिकायचं राहिलं. त्याने मान खाली घालून वाक्य सुधारून म्हटलंसुद्धा. तेव्हा तू आबांना म्हणालास, "याला एक वाक्य धड येत नाही, आणि याला मुलगी द्यायची?"

आणि न जेवता निघून गेलास. विदाऊट ईटिंग. एवढं मलाही येतं.

नंतर आबांनी दीपकला जेवायला बसवलं. मला एकच विचारलं, आई शेवटच्या दिवसांत जळगावला दवाखान्यात होती तेव्हा रोज डबा आणणारा हाच का? मी हो म्हटलं. तुला हे ठाऊक नसणार. तेव्हा तुझी क्रॅश बॅच चालू होती.

काल आमचं लग्न झालं. नोंदणी कार्यालयात, साक्षीदारांत आबाही. साहेबांनी विचारलं, मुलीला भाऊ नाही का? आबा म्हणाले, "शे ना. तो शिकाडाले जायेल शे." शिकवायला गेलाय म्हणे. मग चष्मा पुसत म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. सही कोठे करानी शे?"

तुला बोलवायला विसरले नाही. बोलावलंच नाही.

राखी पोस्टाने येईल. तू येऊ नकोस.

नात्याने तुझी बहीण,
सौ. मेघा दीपक महाजन