सारथीतला मंदावलेला तारा

नाना, तुम्ही असतात तर हे तोंडावर म्हटलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग अजून उतरलेला नाही.

माधवगंजातली आपली गच्ची. दिवेलागण होऊन गेलीय, डोक्यावर ब्रह्महृदय आहे आणि त्याच्या शेजारचा सारथीतला तो जोडतारा मंदावलाय. सत्तावीस वर्षांतून एकदा त्याच्या आड काहीतरी येतं आणि दोनेक वर्षं त्याचं तेज खातं. काय येतं, ते तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. जवळच्या ताऱ्यांशी ताडून, नुसत्या डोळ्यांनी, आज तो किती उजळ ते ठरवायचं. तुम्ही म्हणता, "आधी तू सांग. मी बोललो की तुला माझंच दिसायला लागेल." एकदा तुमच्या चेहऱ्याकडे बघून मी उत्तर बदललं, तर तुम्ही असे भडकलात की आई जिन्यापर्यंत आली. "चुकायचं तर स्वतःचं चुकावं," म्हणालात. तुमच्याकडून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ती.

त्याच हिवाळ्यात मध्यभारत राज्य मोडलं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे तुमचं सरकारी दफ्तरही. आपल्या लष्कर भागातली घरंच्या घरं सामान बांधायला लागली. मी कॉलेजात होते. एका सकाळी तुमच्या दफ्तरातल्या कुणाचा मुलगा मला बघायला आला. चहा-कचोरी आटोपून त्यांचा टांगा फूलबागेकडे निघाला नाही तोच तुम्ही म्हणालात, "लडका उत्तम आहे, मी पारखलाय. भोपाळला गेलो की इथले रिश्ते सुटले समज. बस, हो म्हण."

"मला नाही पसंत."

"अगं, खोट काय दिसली?"

"मला दिसलं ते सांगितलं, नाना."

तुम्ही आठवडाभर अबोला धरलात. मग सगळे भोपाळला गेले. मी आत्याकडे राहिले, शिकले, इथल्याच मुलींना फिजिक्स शिकवलं. लग्न केलं नाही. हट्टापायी जन्म घालवला, म्हणतात लोक. म्हणोत बापडे. सत्तावीस वर्षांनी, त्या ताऱ्याच्या पुढच्या ग्रहणाला, तुम्ही नव्हतात. मी विद्यार्थिनींना घेऊन गच्चीवर गेले आणि त्या सगळ्या बोलून होईपर्यंत तोंड उघडलं नाही.

मला पश्चात्ताप नाही, आणि हे पत्र पाठवायला पत्ताही नाही, म्हणून लिहिते. तो मुलगा मला आवडला होता, नाना. तुम्ही फक्त आधी बोलायला नको होतं.